हादरे, कमानी आणि वहिनींचा प्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांचे विषय मोठे होते. संतवाङ्मय झाले, नर्मदाकाठचा मराठ्यांचा अंमल झाला, बृहन्महाराष्ट्रातील मराठी शिक्षणाचा प्रश्न झाला. माझे आयुष्य व्हेईकल फॅक्टरीत गेले असल्यामुळे मी तिचा इतिहास सांगावा, अशी चिटणिसांची अपेक्षा होती. तो मी सांगेन, परंतु दोन-चार वाक्यांतच. मला आज ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे ती फार लहान आहे. पिकअप गाडीचे शॉकर बदलावयाचे झाल्यास कोणते निवडावेत, एवढीच ती गोष्ट. विषय ऐकून आमच्या घरीही हशा पिकला होता. तथापि ज्याने पस्तीस वर्षे गाड्या तपासून त्यांवर पसंतीचे शिक्के मारले, तो मी या लहानशा बाबतीत सपशेल चुकलो, आणि त्या चुकीचे हादरे दुसऱ्याच एका माणसाला सोसावे लागले. म्हणून ती सांगावयाची.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. पुण्या-मुंबईकडचे आमचे नातेवाईक ज्याला 'पाटे' म्हणतात त्याला आपण येथे 'कमानी' म्हणतो. त्यांच्याकडील गॅरेजमध्ये ज्याला 'शॉकअप' म्हणतात तो आपल्याकडे 'शॉकर'. माझे मराठी या बाबतीत जबलपुरी आहे आणि या वयात ते सुधारण्याची शक्यता नाही. माझ्या बोलण्यात हेच शब्द येतील, त्याबद्दल पाहुण्यांची क्षमा मागतो.

आता तो कबूल केलेला इतिहास. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. तेथेच १९५९ मध्ये जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या सहकार्याने शक्तिमान ट्रक बनू लागले. १९६९ साली स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली, आणि शक्तिमानबरोबर निस्सानची एक टनी गाडी व आपली लाडकी जोंगा तेथून बाहेर पडू लागली. 'जोंगा' हा शब्द आफ्रिकेतला किंवा जपानमधला आहे असे समजणारे लोक मला भेटले आहेत. तो जबलपूरचाच आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरे जुळवून तो झाला. शक्तिमान १९९६ मध्ये थांबला, जोंगा १९९९ मध्ये. २०२१ साली देशातील सर्व आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या आणि आमची फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगममध्ये गेली. झाला इतिहास.

जोंगाच्या चारही चाकांवर कमानी होत्या. ती सैन्याची गाडी. माणसांचे सुख पाहून नव्हे, तर सामान आणि शिपाई घेऊन माळरानावरून जाता यावे म्हणून ती घडविलेली. चाचणीच्या फेऱ्यांना मी तीत पुष्कळ बसलो. संध्याकाळी घरी पाटावर मांडी घालताना कंबर कुरकुरत असे, आणि तरीही त्या गाडीचा आम्हांला अभिमान होता. त्या अभिमानातूनच माझ्या मनात एक समजूत घट्ट बसली: गाडी जितकी कडक तितकी ती चांगली. पुढे घडले ते या समजुतीमुळे.

आमचे आजोबा नागपूरकडून इकडे आले ते रेल्वेच्या नोकरीसाठी. १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे 'परप्रांतात गेलो' असे त्यांना कधी वाटलेच नाही. त्यांनी पाटणजवळ थोडी जमीन घेतली. मी फॅक्टरीत गेलो, दादा शेतीवर राहिला. पाटण आणि शहपुऱ्याचा पट्टा मटाराचा. थंडीच्या दिवसांत तिकडची वाहने पोत्यांनी भरून रात्री मंडईकडे निघतात हे येथे बसलेल्यांना सांगणे नको. दादाकडेही त्यासाठी एक पिकअप आहे. पुढे गुंडाळीची स्प्रिंग, मागे कमानी, अशी नेहमीची मांडणी. मटाराच्या अडीच-तीन महिन्यांत ती पुरती लादलेली असते. उरलेले नऊ महिने हौद्यात कधी खताची दोन पोती, कधी नुसती दोरी.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचे मूत्रपिंड निकामी झाले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी जबलपूरला आणावे लागते. तीस-पस्तीस किलोमीटर येणे, चार तास यंत्राला जोडून पडणे, आणि तितकेच परत जाणे. घरी दुसरे वाहन नाही. दरवेळी भाड्याची मोटार परवडत नाही. पुतण्या पिकअप चालवितो आणि वहिनी शेजारी बसतात.

येताना त्या वरच्या मुठीला धरून बसत. जाताना तसे करता येत नसे. डाव्या हातावर सुया टोचलेल्या जागी पट्टी असे, तेथून रक्त येऊ नये म्हणून तो हात उजव्या हाताने धरून ठेवावा लागे. दोन्ही हात गुंतलेले, अंगात त्राण नाही, आणि गाडी रिकामी. एकदा परतीच्या वाटेवर मी सोबत होतो. हौद्याचे झाकण आपटत होते, आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर वहिनींची मान पुढे जाऊन मागच्या फळीवर आदळत होती. त्या काही बोलत नव्हत्या. उतरल्यावर मात्र म्हणाल्या, "भाऊजी, ते यंत्र बरं. त्याच्यावर निजायला तरी मिळतं."

घरातला वाहनतज्ज्ञ मी. गाडीखाली वाकून पाहिले तो मागच्या दोन्ही शॉकरांवर तेलाचा ओघळ. निदान झाले. शहरातल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आडवळण न घेता सर्वांत महागडी जोडी पुढे ठेवली. जाड नळीचे, नायट्रोजन वायू भरलेले, हेवी ड्यूटी. "साहब, गाड़ी एकदम टाइट हो जाएगी," तो म्हणाला. मला हे शब्द फार आवडले. मी ते बसवून घेतले. पुढच्या फेरीनंतर पुतण्याचा फोन आला. "काका, आई म्हणते, जुनेच परत लावा."

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. भगिनींनी कंटाळू नये. पाळणा ज्यांनी हलविला आहे त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

शॉकर म्हणजे हादरा शोषून घेणारी वस्तू, असे नाव सांगते. ते नाव फसवे आहे. हादरा घेते ती कमान. चाक खड्ड्यातून वर उसळले की कमान दबते आणि तो धक्का आपल्या अंगात साठविते. पण कमान ही उधारी ठेवीत नाही. जे घेतले ते लगेच परत करते, म्हणजे गाडीला वर फेकते, पुन्हा दबते, पुन्हा फेकते. पाळण्याला एक झोका देऊन सोडला तर तो कितीतरी वेळ झुलत राहतो, तसे. तो थांबविण्यासाठी आई काय करते? कडेला हलकेच हात लावते. शॉकर म्हणजे हा हात. नळीत तेल असते, तेलातून दट्ट्या खालीवर होतो, दट्ट्याला बारीक झडपा असतात. त्यांतून तेलाला वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत गतीची उष्णता होते. एवढेच त्याचे काम. तो गाडीचा भार पेलीत नाही. वायू भरलेला शॉकर गाडी किंचित उचलल्यासारखी करतो, पण तेवढ्यावरून त्याच्यावर पोती ठेवता येत नाहीत.

आता, पाळण्याला आईने हात हलका लावण्याऐवजी कडा मुठीत घट्ट धरून ठेवली तर झोका थांबेल खरा, पण कोणी पाळण्याला धक्का दिला तर तो थेट मुलाला बसेल. कडक शॉकरचे हेच होते. हळू हालचालीत तो शहाण्यासारखा वागतो, पण तीक्ष्ण खड्ड्यात दट्ट्याला झटक्यात सरकावयाचे असते, तेल तितक्या वेगाने वाट देत नाही, आणि कमान दबण्यापूर्वीच धक्का चौकटीत पोहोचतो. म्हणून चांगल्या शॉकरच्या झडपा दोन वेगवेगळ्या मापांच्या ठेवतात. कमान दबताना विरोध कमी, ती उसळताना दुप्पट-तिप्पट.

पण कडक म्हणजे किती, आणि कोणासाठी? हे मी विचारावयास हवे होते, ते मी नंतर विचारले. कमान भाराखाली किती दबते यावरून ती सेकंदाला किती झोके घेईल हे काढता येते. पंचवीस सेंटीमीटर दबणारी कमान सेकंदाला एक झोका घेते, सव्वासहा सेंटीमीटर दबणारी दोन. माणसाच्या शरीराला एक ते दीड झोका गोड लागतो. त्याच्या वर जावे तसे ते कष्टाचे होते, आणि चार ते आठच्या दरम्यानची उभी थरथर पोटाला आणि कण्याला सर्वाधिक जाचते. यावर १९७४ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

मटाराचा हंगाम संपावयाचा होता, म्हणून पुतण्याला घेऊन मी मोजमाप केले. बाराशे किलो पोती चढविल्यावर मागची चौकट धुरीच्या दिशेने नऊ सेंटीमीटर खाली आली. त्यातले हजारभर किलो मागच्या चाकांवर येतात असे धरले. रिकाम्या गाडीचे मागच्या कमानींवर पाचशे किलो. म्हणजे रिकामी असताना कमान दबलेली अवघी साडेचार सेंटीमीटर, आणि झोके सेकंदाला सव्वादोनच्या वर. भरल्यावर दबलेली साडेतेरा, आणि झोके दीडच्याही आत. मटार माणसापेक्षा सुखाने जातो तो असा! भरलेला ट्रक मऊ चालतो हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते. त्याला आकडे लागत नाहीत.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, आणि शॉकर निवडताना तीच खरी कळीची आहे. झोका आवरण्यासाठी किती तेलविरोध हवा हे भारावर अवलंबून असते. भार तिप्पट झाला तर विरोध सुमारे पावणेदोन पट लागतो. याचा अर्थ, भरलेल्या गाडीला नेमका बसणारा शॉकर रिकाम्या गाडीला पावणेदोन पट कडक. गाडी बनविणारे या दोहोंच्या मधला कुठला तरी आकडा पकडतात. मी त्या तडजोडीवरही कडी करून भरलेल्या ट्रकला शोभणारी जोडी आणली, आणि ती रिकाम्या गाडीला लावून तीत आजारी बाईला बसविले.

दुकानात जाऊन 'चांगला शॉकर द्या' म्हणणे हे डोळ्यांच्या दुकानात जाऊन 'चांगला चष्मा द्या' म्हणण्यासारखे आहे. वर्षातले अधिक दिवस गाडीत काय असते आणि कोण असते, हे आधी सांगावे लागते.

परंतु माझी मोठी चूक ही नव्हती. ती पुढे सापडली.

एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी कोकण किंवा मराठवाडा पाहिला आहे त्यांना आठवेल की तेथे बसलेला माणूस बाकावर कमी आणि हवेत जास्त असतो. कारण ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असते. पिकअपमध्ये माणूस बसतो तो उलट टोकाला, जवळजवळ पुढच्या चाकांवर. वहिनींची मान पुढे-मागे होत होती, नुसती वर-खाली नव्हे. म्हणजे गाडी नांगर टाकलेल्या होडीसारखी डोलत होती. मी मात्र मागेच पाहत होतो, कारण आयुष्यभर भार पाहण्याची सवय, आणि भार मागे असतो.

फॅक्टरीत आमच्या एका वृद्ध फोरमननी शिकविलेली एक परीक्षा होती. ती मला ऐन वेळी आठवली नाही, चार आठवड्यांनी आठवली. वाईट रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी, आणि थांबल्याबरोबर चारही शॉकरांना हात लावून पाहावा. जो काम करतो तो तापलेला असतो, जो थंड तो मेलेला. अर्थात सायलेन्सर टाळावा, हात पोळतो. गाडीचा कोपरा दाबून ती किती वेळा हलते हे पाहण्याची जी पद्धत सर्वत्र सांगतात ती मोटारीला ठीक आहे. पिकअपच्या मागच्या कमानी माणसाच्या वजनाला दादच देत नाहीत.

आम्ही गाडी फिरवून आणली. मागचे दोन नवे शॉकर चांगले तापले होते. पुढचे दोन्ही थंड, चुलीतल्या कालच्या राखेसारखे. तेलाचा ओघळ नाही, काही नाही, बाहेरून निरोगी. आतल्या झडपा झिजून गेल्या होत्या. पुढचे टायर हाताने चाचपले तर ठिकठिकाणी खोलगट झिजलेले. ही खूण पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होती.

१९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या अभियंत्याने अमेरिकेत एका मोठ्या मोटारीवर वजने पुढे-मागे सरकवून प्रयोग केले. त्याला आढळले की पुढची स्प्रिंग मऊ आणि मागची थोडी कडक असावी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचे चाक उशिरा उसळते पण लवकर झोका पुरा करून पुढच्याला गाठते, आणि डोलणे विरते. पिकअपमध्ये मागची कमान आधीच मटारासाठी कडक असते. पुढच्या शॉकरांत जीव नसेल तर पुढचा झोका आवरणारे कोणी उरत नाही, मग मागचा प्रत्येक धक्का त्याला नव्याने डोलवितो. वहिनींना दुखविणारे हादरे मागून येत होते हे खरे, पण त्यांना ते पोहोचत होते पुढे.

मग मी रीतसर कामाला लागलो, आणि या वेळी शॉकरला शेवटी हात घातला. तुम्हांपैकी कोणी असे काम काढणार असेल तर त्यानेही तसेच करावे, असे माझे मत आहे. पहिली स्प्रिंग म्हणजे टायर. पुतण्या मटाराच्या दिवसांत भरतो ती पूर्ण हवा वर्षभर ठेवीत होता. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर कंपनीने रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. आम्ही रिकाम्याचा आकडा पाळला. त्याच्याही खाली जाण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो करू नये. टायर तापून फुटतो, आणि गाडी वळणावर वाहवते. नंतर कमानी. पाने गंजून एकमेकांना चिकटली होती, आणि टोकाच्या शॅकलच्या पिनांना ग्रीस कित्येक महिने मिळालेले नव्हते. कमान दबते तेव्हा लांबते, तिला लांबावयास शॅकलने झुलले पाहिजे. ते झुलत नसेल तर कमान ही कमान न राहता लोखंडाची कांब होते. दिवसभर ते साफ करण्यात गेला. शॉकर कोणताही लावला असता तरी या गंजापुढे तो हतबल होता.

कारागिराने एक सोपा उपाय सुचविला: कमानीतले एक पान काढून टाकू, गाडी मऊ होईल. होईल खरी. मग डिसेंबरात बाराशे किलो चढले की उरलेल्या पानांवर जो ताण येईल त्याची जबाबदारी कोण घेणार? तपासनिसाची जुनी नोकरी माझ्या अंगात त्या क्षणी परत आली, आणि मी त्याला बराच वेळ काही ऐकविले. ते येथे सांगण्यासारखे नाही.

शेवटी शॉकर. पुढे नवी जोडी, गाडीच्या मूळ मापाची, साध्या दुहेरी नळीची. मागची हेवी ड्यूटी जोडी उतरविली आणि तेथेही मूळ मापाचीच घातली. वायू भरलेली एकेरी नळी ही वाईट वस्तू नव्हे. फ्रान्समधील द कार्बों यांनी ती रूढ केली, आणि सतत धावणाऱ्या गाडीत तेलाला फेस येऊन झडपा निकामी होऊ नयेत म्हणून तिचा फार उपयोग होतो. घाटातून दिवसभर भरधाव जाणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. आमची गाडी चाळीसच्या वेगाने पाटणला जाते. तिच्या तेलाला फेस येण्याइतकी दगदग नाही. कळ फिरवून कडकपणा बदलता येतो असेही शॉकर मिळतात, आणि दोन आयुष्ये जगणाऱ्या आमच्या गाडीला तेच योग्य, असे कागदावर मलाही वाटते. पण मंडईहून पहाटे चार वाजता परतलेला मुलगा सकाळी आईला न्यावयाचे म्हणून गाडीखाली सरपटत जाऊन कळ फिरवील, यावर माझा विश्वास बसला नाही.

लांबीबद्दल मात्र बजावून सांगतो. कोणा मोटारीचे मऊ शॉकर, भोके जुळली म्हणून, पिकअपला ठोकण्याची रीत आपल्याकडे आहे. धुरी पूर्ण वर येऊन रबरी ठोकळ्यावर टेकली तरी शॉकरमध्ये दट्ट्याला थोडी जागा उरली पाहिजे. धुरी पूर्ण खाली लोंबली तरी शॉकर ताणून तिला अडविता कामा नये. ही दोन मापे न घेता घातलेला शॉकर पहिल्या मोठ्या खड्ड्यात स्वतः मोडतो किंवा आपला खुंट तोडतो. एका धुरीवरचे दोन्ही शॉकर एकदमच बदलावेत. दुहेरी नळीचा नवा शॉकर उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे आडवा ठेवल्याने आत शिरलेली हवा निघते. आणि रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत, जॅकवर लोंबत असताना नव्हे. लोंबत्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. ही शेवटची गोष्ट मी फॅक्टरीत शेकडो वेळा लिहून दिली होती. माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी कारागीर नट जॅकवरच आवळीत होता आणि मी चहा पीत होतो.

दादा हे सगळे खाटेवर बसून पाहत होता. तो बोलतो थोडे. सारे झाल्यावर म्हणाला, "अरे, रिकामी बैलगाडी उडायला लागली की बाबा तिच्यात दोन पोती माती टाकायचे. तू एवढं शिकलास, वाळू का नाही टाकत?" मी कागद काढून हिशेब केला. मागच्या धुरीच्या किंचित पुढे दोनशे किलो वाळू ठेवली तर मागचे झोके सव्वादोनच्या वरून दोनांवर येतात. शॉकर बदलून झोक्यांची गती बदलत नाही, ती फक्त भाराने बदलते. माझ्या शास्त्रातला सर्वांत स्वस्त उपाय दादाने सांगितला. डिझेल थोडे अधिक लागते, ते आम्ही पत्करले. पोती हौद्यात सरकू नयेत म्हणून पुतण्याने कोन ठोकून ती बांधून टाकली. सुटी वाळू ब्रेक लावल्यावर पुढे येते आणि सगळ्यावर पाणी फिरविते.

त्या गुरुवारी मी मुद्दाम सोबत गेलो. येताना वहिनी काही बोलल्या नाहीत. दवाखान्यात चार तास बाकावर बसून मी पेपर तीनदा वाचला. परतताना त्या दार आणि पुतण्या यांच्या मध्ये, मी मागे हौद्यात वाळूच्या पोत्यावर. हौद्यात माणूस बसविणे नियमात बसत नाही, पण मला तेथूनच कमानी पाहावयाच्या होत्या. कमानी झुलत होत्या. झाकण वाजत नव्हते. अर्ध्या वाटेवर मागच्या काचेतून पाहिले तो वहिनींची मान एका बाजूला कललेली. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मी काचेवर टकटक केली. पुतण्याने मागे न पाहताच तोंडावर बोट ठेवले. त्या झोपल्या होत्या. डावा हात मांडीवर होता, आणि त्यावरचा उजवा हात सुटून बाजूला पडला होता.

घर आले तरी पुतण्याने लगेच इंजिन बंद केले नाही. पाच मिनिटे तसेच उभे राहिलो. मग वहिनी स्वतःच जाग्या झाल्या, बाहेर पाहून म्हणाल्या, "आलं का? आज लवकर आणलंत." आम्ही नेहमीपेक्षा दहा मिनिटे उशिरा आलो होतो.

हा प्रवास अजून चालूच आहे, आठवड्यातून दोनदा. मटार सुरू झाला की वाळू उतरते, हवा वाढते, आणि वहिनींच्या दिवशी पुतण्या ते सारे पुन्हा उलट करतो. त्याचा कंटाळा त्याने अजून दाखविलेला नाही. माझ्या ओसरीवर मात्र ती हेवी ड्यूटी जोडी पडून आहे. चार आठवडेच वापरलेली, अगदी टाइट. सभासदांपैकी कोणाची गाडी बारा महिने भरलेली चालत असेल, तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. येताना दोन्ही मापे घेऊन यावीत.